चित्रशाळेतलं आगाऊ बुकिंग

जुलै लागला की माझ्या ऑफिसला एक वास येतो. ओल्या कागदाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि थोडासा सुक्या बांगड्याचा. डिचोलीच्या बाजारात कपड्यांच्या दुकानावर माझी दीड खोली आहे. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो आणि लोक वर्षभराची कमाई प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून जिना चढून येतात. केरीचा होडीवाला इंजिनाची बिलं काढतो तेव्हा माझ्या टेबलावर मासळीबाजार भरतो. जत्रेत खाजं विकणाऱ्या बाईच्या पावत्या गुळानं एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या मी स्टीलच्या पट्टीनं सोडवते. कुणाच्या भिजलेल्या असतात, त्या पंख्याखाली वाळत घालते. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आता सगळं ऑनलाइन झालं, पण पिशव्या काही गेल्या नाहीत.

मी लोकांवर ओरडते. "अहो, वर्षभर काय झोपला होता? महिन्याला एक पाकीट करा म्हणून सांगितलं होतं ना?" ते मान हलवतात, हसतात आणि पुढच्या जुलैत तीच पिशवी घेऊन येतात. माझा नवरा म्हणतो, तू रिटर्न भरत नाहीस, लोकांना शाळेत घालतेस. म्हणेना का. मला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, आणि कुणी विचारेपर्यंत थांबायचा दमही नाही. घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, धंद्याचं वेगळं. खाज्याच्या पुडीवर नाव आणि फोन छापा, नाहीतर खाणाऱ्यानं पुन्हा तुम्हाला शोधायचं कुठे? मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर द्या. फोटो दिवसाउजेडी काढा, मागे गोणपाट नको, साधं कापड लावा. रिटर्नाची फी मी घेते, सल्ला फुकट देते. फुकटच्या सल्ल्यानं कुणाचं काय होतं, हे मला एका वर्षी कळलं, आणि ते वर्ष दर जुलैत जिना चढून वर येतं.

परवा असाच पाऊस असताना शर्मिलाचा मेसेज आला. शर्मिला म्हणजे मयेच्या दामूमामांची सून. दामूमाम गणपती करतात, त्यांची चित्रशाळा आहे. मेसेजमध्ये मूर्तींचे फोटो होते. लहान, मध्यम, मोठी, प्रत्येकीखाली किंमत, आणि शेवटी 'बुकिंग सुरू'. फोटो झकास. उजेड दाराकडून घेतलेला, मागे पांढरी चादर. सगळं मी शिकवलं होतं तस्संच. मला खरं तर अभिमान वाटायला हवा. पण मी फोन पालथा घातला आणि होडीवाल्यावर उगीचच खेकसले.

माझं माहेर मुळगावचं. लहानपणी आषाढ सरता सरता एखाद्या उघडिपीच्या दिवशी बाबा आमच्या घरचा पाट घासूनपुसून, केळीच्या पानात गुंडाळून डोक्यावर घ्यायचे आणि मयेला निघायचे. दादा आणि मी मागोमाग. वाटेत तळं लागायचं, पाणी काठाला टेकलेलं असायचं. खाणीकडच्या ओढ्याला मात्र तांबडं पाणी, त्यात पाय घातला की घोट्यापर्यंत वहाण घातल्यासारखं दिसायचं. चित्रशाळा म्हणजे दामूमामांच्या घराला लागून उतरत्या छपराची लांबट पडवी. आत चिकणमातीचा गार वास. भिंतीला ओळीनं टेकून ठेवलेले गावोगावचे पाट. बाबा आमचा पाट त्या ओळीत टेकवायचे, एक तपकिरीची चिमूट व्हायची, पावसाच्या गप्पा व्हायच्या आणि आम्ही परत. मूर्ती केवढी हवी, कशी हवी, केवढ्याला, यातलं एक अक्षर कुणी बोलायचं नाही. पाट पोचला म्हणजे सांगणं पोचलं. चवथीच्या सकाळी गेलं की त्याच पाटावर आपला गणपती बसलेला असायचा. मग ताटात तांदूळ, नारळ, विडा ठेवायचा आणि विड्याखाली आपल्याला जमेल ती दक्षिणा. दामूमाम ताट कपाळाला लावायचे आणि तसंच आत न्यायचे.

कुणाचा पाट कुठला हे त्यांना बरोबर ठाऊक. बाकी व्यवहाराच्या नावानं शून्य. स्वतःचा वाढदिवस आठवायचा नाही, चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधायचे, आणि गुलाबी रंगावर त्यांचा भारी राग. कुणी गुलाबी पितांबर मागितलं की म्हणायचे, "गुलाबी जाय जाल्यार फुगो घे." आणि आपण केलेल्या कानाची कुणी तारीफ केली की स्वारी दिवसभर खूश.

ते वर्ष खाणी बंद पडल्यानंतरचं. डिचोलीच्या रस्त्यांवरची ती लाल धूळ बसली आणि लोकांचे चेहरे दिसायला लागले, ते सगळे काळजीचे. दामूमामांचा मुलगा उल्हास खनिजाचा ट्रक चालवायचा. ट्रक फणसाखाली उभा राहिला, त्याच्या चाकांतून वेल चढले, शेवटी तो विकला. त्याचं शेवटचं रिटर्न भरायला शर्मिला आली, कडेवर मूल. ती दोडामार्गाकडची. कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "ताई, तेंका थांबवा. चवथ झाली की बोटीर जातंत म्हणतंत. एजंटाकडे पासपोर्ट दिल्यानी. एकदा गेले की म्हयने-म्हयने येवचे नाय, आणि ह्या पोराक बापूस वळखूचो नाय."

उल्हास खाली स्कूटरपाशी भिजत उभा होता. मी त्याला वर बोलावून झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माका वचपाची हौस ना. चित्रशाळेंत घर चलता जाल्यार हांव खंय वता?"

चित्रशाळेवर घर चाललं तर तो कुठे जाणार नव्हता. बस, माझ्यासारखीला एवढं पुरे. पुढच्याच रविवारी मी मयेला. दामूमाम मातीत हात घालून बसले होते. मी समोर पाटावर, हो, कुणाच्या तरी पाटावर, बसले आणि सुरू केलं.

"मामा, वर्षाला मिळतं किती?"

"लोक दितात तें घेतां."

"किती देतात?"

"तांकां दिसता तितलें."

"बरं, एका मूर्तीची किंमत किती धरता?"

त्यांचे हात थांबले. मी आईवरून शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देवाक मोल घालूं? शैलू, तूं कोणाची चली गो?"

मीही बाबांचीच मुलगी, काही कमी नाही. "मी देवाची किंमत विचारतच नाही. मातीची सांगा. रंगाची सांगा. तुमच्या पाठीच्या दुखण्याची सांगा. उद्या उल्हास बोटीवर गेला की ह्या पडवीत कोण बसणार? ज्यांना किंमत सांगायला तुम्हाला लाज वाटते ते येणार आहेत का माती मळायला?"

माती सुकू नये म्हणून त्यांनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं, आणि म्हणाले, "घाल किंमत. माका मात आयकूंक नाका." मी जिंकले. त्या दिवशी तळ्याच्या काठाने परत येताना मी गुणगुणत होते, हे आठवलं की आज माझं मलाच कसंसं होतं.

मग काय, मी पदर खोचला. एकीकडे ऑफिसात रिटर्नांची रांग, दुसरीकडे दर रविवारी मये. रस्त्यावर पाटी लावली. शर्मिलाच्या फोनवर फोटो चढवले. तिचं डोकं चांगलं, एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. पर्वरी, पणजीच्या फ्लॅटवाल्यांना मातीचाच गणपती हवा होता, पण पाट कुणाकडे? म्हणून सुताराकडून सारख्या मापाच्या फळ्या करून घेतल्या. दामूमाम आधी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायचे. मग हळूच मान वळवून फोनात डोकवायचे. "उजवो कान बरो येवंक ना. परत काड." शर्मिला तोंडाला पदर लावून हसायची. आगाऊ पैसे यायला लागले. उल्हासनं भाड्याची गाडी बघितली, मूर्ती घरपोच करायला. एजंटाचा फोन आला की तो म्हणायला लागला, चवथ होऊं दी, मागीर सांगतां. घरात पुन्हा मोठ्यानं बोलणं ऐकू यायला लागलं. ते सगळं खरं होतं, आणि चांगलं होतं. ते मी केलं होतं. तेही खोटं नाही.

ऑर्डरी इतक्या झाल्या की दामूमामांचे हात पुरेनात. तेव्हा मी शर्मिलाला बजावलं, "आता मर्यादा घाल. ज्याचं बुकिंग त्याचीच मूर्ती. फोनात नाव नाही तर मूर्ती नाही. मग तो गावचा असो की देवळाचा. धंद्यात भीडभाड चालत नाही." तिनं मान डोलावली आणि अक्षरशः तसं केलं. पाट घेऊन आलेल्यांना ती थांबवायची, नाव घ्यायची, किंमत सांगायची, आगाऊ घ्यायची. कुणी कुरकुरले, बहुतेकांनी दिले. दामूमामांना आता सकाळी ती यादी वाचून दाखवायची आणि ते त्याप्रमाणे काम करायचे. भिंतीकडची ओळ मोडून पाट कोपऱ्यात सरकवले, पुढे नव्या फळ्या रचल्या.

माझ्या सासरचं बुकिंग मी पहिल्याच आठवड्यात केलं होतं. आदर्श म्हणून. आपणच नियम पाळला नाही तर लोक कशाला पाळतील!

चवथीच्या सकाळी मी आणि नवरा आमची मूर्ती घ्यायला गेलो. अंगणात ही गर्दी. गाड्या, छत्र्या, टाळांचे आवाज. शर्मिला दारात फोन घेऊन उभी, नाव विचारायची, बोट दाखवायची, माणूस मूर्ती उचलायचा. कुठे गडबड नाही, गोंधळ नाही. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, बघ म्हटलं. एवढ्यात दादा आला. माझा सख्खा भाऊ. डोक्याला टॉवेल, हातात ताट, बरोबर शेजारचे दोघे टाळ घेऊन. चपला काढून थेट पडवीत शिरला आणि बाबांच्याच आवाजात म्हणाला, "खंय आमचो?"

शर्मिलानं फोन वर-खाली केला. पुन्हा केला. "दादानू, तुमचां नाव नाय हयसर."

दादा हसला. "नांव कसलें गो? पाट दवरला न्हय?"

त्यानं पाट ठेवला होता. शर्मिला माहेरी गेली होती त्या दिवशी येऊन, नेहमीच्या जागी टेकवून, पावसाच्या गप्पा मारून गेला होता. दामूमामांना वाटलं, शैलूचंच माहेर, हिनं नाव घातलं असेल. शर्मिलाला काही ठाऊकच नव्हतं. दादाला वाटलं, पाट पोचला म्हणजे झालं. आणि मला? मी अख्ख्या गोव्याला बुकिंग करायला सांगत फिरत होते, माहेरचा गणपती सांगायचा असतो हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तो काय, असतोच.

उल्हासनं फळ्या बाजूला केल्या. मागे आमचा पाट होता, कोरा. दादा त्याच्याकडे बघत राहिला. शेजारच्या दोघांनी टाळ खाली ठेवले. मुळगावला देवावर फळाफुलांची माटोळी बांधून झाली असणार, समई लावून वहिनी वाट बघत असणार, करंज्यांसारख्या नेवऱ्यांचा डबा भरून ठेवलेला असणार. आमच्या घरात चवथीला गणपती नाही असं झाल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, दादानं माझ्याकडे वळून चांगली सणसणीत शिवी हासडावी. पण माझं ह्यात काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो शर्मिलाकडे वळला आणि म्हणाला, "चूक म्हजीच गो. फोन करपाक जाय आशिल्लो."

तेव्हा दामूमाम पुढे आले. कोरा पाट बघितला, मग दादाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आत गेले आणि त्यांच्या स्वतःच्या घरचा गणपती दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. त्यांच्या पाटावर बसलेला, निळं उपरणं, तो सुप्रसिद्ध कान.

"हो व्हर." त्यांनी तो दादापुढे धरला.

"मामा, आनी तुमकां?"

"म्हजेकडेन माती आसा."

दादानं ताट खाली ठेवलं. मोरया म्हणून गणपती उचलला आणि भर पावसात, शेजाऱ्यांकडून छत्री धरून घेत गेला. आमची मूर्ती नवऱ्यानं उचलली. तिच्या फळीवर चिठ्ठी होती, माझं नाव, आणि पुढे 'पैसे पोचले'.

घरी पूजा झाली, आरती झाली, पानं वाढली, पण मी पानातलं नुसतं चिवडत बसले. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय तुला, रात्रंदिवस त्या रिटर्नांत असतेस." मी हो म्हटलं. दुपारी पाऊस जरा ओसरल्यावर स्कूटर काढली आणि मयेला गेले. वाटेत प्रत्येक घरातून झांजा ऐकू येत होत्या. मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं. माफी मागायची ती कुणाची? सल्ला चुकीचा नव्हता, आज कुणी विचारलं तर तोच देईन. ह्याचंच तर दुखणं.

दामूमामांच्या ओट्यावर माटोळीखाली गणपती होता. आमच्या मुळगावच्या पाटावर. नुसत्या मातीचा, काळपट, अजून ओलसर. रंग नाही, दागिना नाही. डोळे तेवढे काजळानं रेखलेले, शर्मिलाच्या डबीतल्या. रंग सुकायला वेळ कुठला? त्याच्यापुढे मी डोकं टेकलं ते लवकर वर काढलंच नाही. वर काढलं तर माणसांकडे बघावं लागणार होतं.

"कान बरो आयला न्हय?" मामांनी विचारलं.

"बरा आलाय," मी म्हटलं, आणि मग रडूच आलं. "मामा, माझं चुकलं. मी सगळं..."

"कितें चुकलें? तुजे लागून म्हजो चलो घरा रावलो."

तो घरी राहिलेला मुलगा, उल्हास, नवा सदरा घालून खांबाला टेकला होता. म्हणाला, "ताई, एजंटाकडल्यान पासपोर्ट परत हाडला." शर्मिला आतून धावत आली ती माझ्या पायाशीच वाकली. "ताई, तुमचे उपकार खंय फेडू?" मी तिला उठवलं. दोन बोलणी खायला म्हणून गेलेली मी, आणि मला हे मिळत होतं. कुणीतरी एकजण रागवा हो, असं ओरडावंसं वाटलं. कुणीच रागवलं नाही. नेवऱ्या वाढल्या, आग्रह करकरून.

नेवरी मोडता मोडता दामूमाम शर्मिलाला म्हणाले, "फुडल्या वर्साक पयलें नांव म्हजें घाल."

"तुमचां कित्याक, बाबानू?"

"नांव ना ताका मूर्त ना, अशें थारलां न्हय? घरचो एक म्हणून बरय. आनी आगाऊ घे म्हजेकडल्यान. उदारी नाका."

सगळे हसले. उल्हास तर पोट धरून हसला. मीही हसले, कारण हसायलाच हवं होतं. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ते हसत नव्हते. टोमणाही नव्हता त्यात. नियम असेल तर आपण पाळायला हवा, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

त्यांनी तो पाळला. दुसऱ्या वर्षापासून चित्रशाळेच्या यादीत पहिलं नाव त्यांचं असतं. 'दामूमाम, घरचा एक, मध्यम.' आगाऊ रक्कम ते स्वतः शर्मिलाच्या हातात देतात, सुट्ट्यांसकट. दादाही आता फोनवर बुकिंग करतो, पाट न्यायची येरझार वाचली म्हणून खूश आहे. उल्हासनं स्वतःची गाडी घेतली. शर्मिलाच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला वेगळ्या पाकिटात असतात, माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत नीटनेटक्या. दर जुलैत ती पाकिटं मी उघडते, बेरजा करते आणि दामूमामांची रक्कम जमेतून वगळते. आपलीच मूर्ती आपण विकत घेतली, त्याला कायद्यात कमाई म्हणत नाहीत. मी त्यांना दर वर्षी फोन करून हे समजावते, मामा, हे पैसे धरायचे नसतात, तुम्ही भरायचेही नसतात. आणि ते दर वर्षी म्हणतात, "आसूं दी गो शैलू. सगळ्यांचें आसा, म्हजेंच कित्याक ना?"